लाकडाला फुटलेली शाई

लोखंडी विळीवर आवळे चिरायला घ्या. पहिल्या फोडी पिवळट हिरव्या निघतात. चार-पाच आवळे झाले की पात्याच्या धारेला निळसर काळी झाक येते, ती फोडींच्या कडांवर उतरते आणि ताट भरेपर्यंत बोटांच्या पेरांतही शिरते. म्हणून मोरावळ्याच्या आवळ्यांना लोखंड लागू द्यायचं नाही, आणि केसांना लावायची आवळ्याची पूड मात्र मुद्दाम लोखंडी कढईत रात्रभर भिजवून ठेवायची. एकच रासायनिक क्रिया एका भांड्यात टाळायची आणि दुसऱ्यात बोलावून घ्यायची, इतकी जाण आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या आहे. तीच क्रिया मुंबईत भांडुपच्या एखाद्या टॉवरमध्ये, विसाव्या मजल्यावर, नुकत्याच पॉलिश झालेल्या ओकच्या फळ्यांवर घडली, की मात्र आपण थेट सुताराला फोन लावतो आणि आवाज चढवतो.

भांडुपचं रंगाशी नातं नवं नाही. एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ साली गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये झाली, पण कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला तो १९५७ मध्ये, भांडुपला. पाठोपाठ १९५८ साली सिएट ही टायर कंपनी भारतात स्थापन झाली आणि तिचाही कारखाना इथेच आला. एलबीएस मार्गाच्या या पट्ट्यातले कितीतरी कारखाने पुढे गेले, त्यांच्या जागी टॉवर आले आणि टॉवरांसोबत ‘वुडन फ्लोअरिंग’ची हौस आली. त्यातलं बरंचसं खरं तर लॅमिनेट असतं, म्हणजे लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्यावर मेलामाइनचा थर. त्याचा इथे संबंध नाही. छापील लाकडाला ना प्रकाशाची सवय, ना पावसाळ्याची आठवण. आपण बोलतोय ते खऱ्या लाकडाबद्दल: सागाच्या अख्ख्या फळ्या, किंवा प्लायवर तीन-चार मिलिमीटर जाडीचा खरा ओक चिकटवलेल्या ‘इंजिनिअर्ड’ पट्ट्या.

अशी जमीन घातली जाते, घासली जाते, पॉलिशचे तीन हात बसतात, पैसे चुकते होतात. आठ-पंधरा दिवसांनी कुणाला तरी खिडकीजवळ काळे ठिपके दिसतात. कुणाच्या दारापाशी दुधाळ ढग उठतो. कुणाला गालिचा उचलल्यावर खाली फिकट चौकोन सापडतो. मग दोषांची फुगडी सुरू होते. सुतार म्हणतो पॉलिश खराब, पॉलिशवाला म्हणतो लाकूड कच्चं, वखारवाला म्हणतो मुंबईची हवाच तशी. गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं खरं असतं. डागाचा रंग पाहून सगळेच निदान करायला धावतात. माझं म्हणणं असं, की आधी त्याचा नकाशा पाहावा: डाग कुठे आहे, कोणत्या आकाराचा, कोणत्या दिशेने लांबलेला, आणि किती दिवसांनी उमटला. रंगाचे प्रकार मोजके आहेत, एकाच काळेपणामागे पाच कारणं असू शकतात. आकार मात्र सहसा फसवत नाही.

खिडकीजवळच्या काळ्या ठिपक्यांपासून सुरुवात करू. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन जमिनीवर आडवं व्हा. ठिपक्याच्या मधोमध बऱ्याचदा टाचणीच्या टोकाहूनही बारीक, गंजल्या तांबूस रंगाचा कण दिसतो. त्याच्याभोवती निळसर काळं वलय. आणि ते वलय गोल नसतं. लाकडाच्या रेषेच्या दिशेने ते लांबट झालेलं असतं, कारण लाकडात पाणी रेषेच्या बाजूने झपाट्याने सरकतं आणि आडवं फार सावकाश. तो तांबूस कण म्हणजे लोखंड. तो आला बाल्कनीतून. घराचं काम चालू असताना ग्रिलवाला ग्राइंडरने सळ्या कापत होता. ठिणग्या उडत होत्या तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने पाहिल्या. ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण, आणि विझल्यावर तो कुठेतरी पडतो. उघड्या, पॉलिश न झालेल्या लाकडावर पडला तर रंध्रात जाऊन बसतो. केरसुणीने निघत नाही.

आता त्यावर पॉलिशचा हात फिरतो. अलीकडे वास कमी म्हणून पाण्यात कालवलेलं पॉलिश लोकांना आवडतं. म्हणजे लोखंडाला पाणी मिळालं. लोखंड किंचित विरघळलं, आणि समोर ओकमधलं टॅनिन तयारच होतं. टॅनिन म्हणजे आवळ्याला, हिरड्याला, कच्च्या सुपारीला तुरटपणा देणारं द्रव्य. ओकच्या गाभ्यात ते वजनाच्या शेकडा पाच ते दहापर्यंत सापडतं. या दोघांचं पहिलं मीलन जवळजवळ रंगहीन असतं, आणि सगळी फसवणूक तिथेच होते. संध्याकाळी पॉलिशवाला हात पुसून जातो तेव्हा जमीन निर्मळ दिसते. हवेतला ऑक्सिजन मिळाला की लोखंडाचं दुसरं रूप तयार होतं आणि ते टॅनिनशी बांधलं गेलं की निळं-काळं होतं. रात्रीत, कधी दोन-तीन दिवसांत. पॉलिशवाला शपथेवर सांगतो की मी गेलो तेव्हा डाग नव्हता. तो खोटं बोलत नसतो.

ही प्रतिक्रिया माणसाने दीड हजार वर्षांहून अधिक काळ मुद्दाम घडवून आणली आहे. युरोपात ओकच्या झाडावर एका प्रकारच्या गांधीलमाशीच्या अंड्यांमुळे गाठी येतात. त्या टॅनिनने ठासून भरलेल्या असतात. त्या कुटून, त्यात हिराकस म्हणजे लोहाचं गंधकी लवण घालून शाई करत. लिओनार्दो दा विंचीच्या वह्या याच शाईने भरल्या, बाखने संगीत याच शाईने लिहिलं. लिहिताना ती फिकट उमटायची आणि वाळता वाळता काळी व्हायची. आपल्या भागात ओक नव्हता, पण हिरडा होता. हिरड्यात टॅनिन शेकडा तीसच्या आसपास. कलमकारीचा काळा रंग हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोखंडाचं पाणी फिरवून येतो. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं आजही बाळहिरडा गोळा करतात. इंग्रजांच्या काळात कातडी कमावण्यासाठी हिरडा जहाजं भरभरून विलायतेला जायचा, आणि तिथल्या बाजारात त्याच्या एका प्रतीचं नावच ‘व्हिंगोर्ला’ होतं. म्हणजे आपलं वेंगुर्लं. कोकणातल्या बंदराचं नाव इंग्लंडमधल्या चांभारबाजारात टॅनिनचा दर्जा सांगत होतं, हे वाचल्यापासून मला नव्या जमिनीवरचा काळा ठिपका पाहून रागच येईनासा झालाय. अर्थात, जमीन दुसऱ्याची असते म्हणून हे परवडतं.

लोखंड येण्याच्या वाटा अनेक, आणि प्रत्येकीचा नकाशा वेगळा. खिडकीजवळ शिंपडल्यासारखे, आत येता येता विरळ होत जाणारे ठिपके असतील तर ग्राइंडर. जमीनभर केसाएवढ्या बारीक काळ्या रेघा असतील तर दोन हातांच्या मध्ये कुणीतरी स्टील वूलने घासलंय आणि त्याचे तुकडे आतच राहिलेत. सारख्या अंतरावर एका ओळीत काळे बिंदू दिसले तर ते खिळे. खाली कुठे पट्टी ठोकली आहे ते ती ओळ वरून सांगते. एकच मोठं, काटेकोर वर्तुळ असेल तर ओली लोखंडी बादली किंवा डबा तिथे ठेवला होता. आणि पाण्याचं म्हणाल, तर तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी भांडुपच्याच जलशुद्धीकरण केंद्रात साफ होऊन शहराला जातं, दिवसाला १९१ कोटी लिटरची क्षमता एकट्या जुन्या केंद्राची. त्या पाण्यात लोखंड नगण्य. पण बांधकामाच्या जागी तेच पाणी येईल असं नाही. बोअरचं पाणी, गंजलेला पाइप, टँकरची टाकी, यांतून लोखंड येतंच. अशा पाण्यात बुडवलेलं फडकं कच्च्या ओकवरून फिरवलं तर ठिपके पडत नाहीत, फडकं जिथून गेलं त्या अर्धवर्तुळाकार वळणांची करडी छाया उमटते. पुसणाऱ्याच्या हाताचा पल्ला मोजता येईल इतकी स्पष्ट. रुळांच्या कडेला राहणाऱ्यांसाठी आणखी एक: गाड्यांची चाकं, रूळ आणि ब्रेक एकमेकांवर झिजून जी धूळ उडते तिच्यात लोखंडाचं प्रमाण भरपूर असतं. स्टेशनलगतच्या इमारतीत कच्ची जमीन खिडक्या उघड्या टाकून आठवडाभर ठेवू नये.

यावरचा पडताळा इतका देखणा आहे की तो एकदा तरी डोळ्यांनी पाहावा. मुंबईत लादी पॉलिश करणारे शेवटच्या चकाकीसाठी एक पांढरी पूड वापरतात. ती ऑक्झॅलिक ॲसिड. अळूची पानं खाजरी का, याच्या उत्तरात जिचं नाव येतं त्याच कुळातली. डागाच्या एका कोपऱ्यावरचं पॉलिश बारीक पॉलिश पेपरने काढून लाकूड उघडं करायचं. प्लॅस्टिकच्या वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात दोन चमचे पूड विरघळवायची (धातूची वाटी नको, उघडच आहे) आणि कापसाच्या बोळ्याने एक थेंब डागावर सोडायचा. डाग लोखंडाचा असेल तर काळेपणा डोळ्यांदेखत विरायला लागतो. आधी कडा सुटतात, मग मध्य करडा होतो, आणि काही मिनिटांत तिथे नुसतं ओलं लाकूड उरतं. ऑक्झॅलिकने लोखंडाला टॅनिनच्या तावडीतून ओढून घेतलेलं असतं. त्यांचं मिळून जे बनतं ते फिकट हिरवट आणि पाण्यात विरघळणारं, म्हणून ते पुसून काढता येतं. तो थेंब जिथे पडला तिथून काळं हटलंच नाही, तर लोखंडाचा नाद सोडा आणि पुढचं कारण शोधा. सावधगिरी इतकीच की ही पूड विषारी आहे. हातमोजे हवेत, नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्यायला हवं, आणि वाळलेली पूड घासून तिची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही.

सागाच्या जमिनीला हा त्रास फार कमी होतो, आणि त्यामागे मुंबईचा मोठा इतिहास आहे. ओकमधली आम्लं आणि टॅनिन लोखंडी खिळ्यांना खातात. सागात टॅनिन कमी आणि तेल भरपूर, त्यामुळे त्यात ठोकलेलं लोखंड टिकतं, अशी जहाजबांधणीत ख्याती होती. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली. ती १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पुढे १८६० साली इंग्रजांनी ‘वॉरियर’ ही चिलखती नौका पाण्यात उतरवली तेव्हा साडेचार इंच लोखंडी पत्र्यामागे अठरा इंच जाडीचा साग बसवला. लोखंडाला पाठीशी घालायला सागच का, याचं एक उत्तर आपल्या फ्लॅटमधल्या ओकवरच्या काळ्या ठिपक्यात आहे.

पण साग साधा नाही. त्याचे नखरे प्रकाशाबरोबर सुरू होतात.

बल्लारशाहचा असो की बर्माचा, सागाचा ओंडका चिरून ताजा रंधा मारला की आतून जे निघतं ते पाहून नवखा माणूस घाबरतो. सोनेरी तपकिरी असं काही नसतं. हिरवट पट्टे, ऑलिव्हसारख्या झाका, काळपट रेघा, मधेच पिवळा डाग. एका फळीचे चार रंग. अशी जमीन घालून लगेच पॉलिश केली तर मालकाला वाटतं वेगवेगळ्या झाडांचं लाकूड गळ्यात मारलं. सागातली काही द्रव्यं प्रकाश आणि हवा मिळाली की बदलतात. काही दिवसांत, कुठे काही आठवड्यांत, ते हिरवट पट्टे विझत जातात आणि सगळी फळी एका मधाळ रंगाकडे येते. काही लाकडं तर याहून नाटकी. अंदमानचा पडौक कापल्यावर शेंदरासारखा पेटलेला दिसतो आणि मग तपकिरी होत जातो. दक्षिण अमेरिकेतलं पर्पलहार्ट कापताना मळकट करडं निघतं आणि उजेडात ठेवल्यावर जांभळं होतं. झाड तोडून, फळ्या पाडून, वाळवून झाल्यावरही लाकडाचा रंग ठरायचा बाकी असतो.

म्हणून गालिचाखालचा फिकट चौकोन हा डाग नव्हेच. चौकोनच मूळ जमिनीचा आहे, बदलली आहे ती बाकीची सगळी जमीन. पडताळा पाहायचा असेल तर उरलेल्या फळीचा तुकडा घ्या, अर्ध्यावर पुठ्ठा बांधा आणि आठवडाभर उन्हात ठेवा. पुठ्ठा सोडल्यावर मधोमध सरळ रेघ दिसेल. लाकडाला जोडून धरणारं लिग्निन अतिनील किरणं शोषतं आणि त्यातून पिवळसर-तपकिरी द्रव्यं बनतात, हे जवळपास सगळ्याच लाकडांत होतं. काचेतून येणारा साधा उजेडही हे काम करतो, फक्त सावकाश.

इथे एक वळण आहे, ते मला फार आवडतं. लाकूड उजेडात गडद होतं, पण तेलाच्या पायावरचं पॉलिश उलट वागतं. जवसाचं तेल असलेला थर अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात पुन्हा निवळतो. चित्रकारांना हे जुनं ठाऊक. सतराव्या शतकातल्या रुबेन्सने आपलं एक चित्र बराच काळ पेटीत बंद राहिल्यावर रंग पिवळे पडले असतील तर ते उन्हात ठेवावं, असं पत्रातून कळवलं होतं. म्हणजे कपाटाखालच्या जमिनीत एकाच वेळी दोन गोष्टी चाललेल्या असू शकतात: लाकूड मागे राहिलेलं फिकट, आणि वरचा थर पुढे गेलेला पिवळा. कपाट हलवल्यावर दिसणारा रंग हा त्या दोघांचा हिशेब असतो. थराचा पिवळेपणा खिडकी उघडी ठेवून काही आठवड्यांत उतरतो. त्यासाठी जमीन खरवडणं हा शुद्ध आततायीपणा.

पांढऱ्या ढगांची गोष्ट मुंबईच्या पावसाळ्याची. पॉलिशमधला द्रव उडून जाताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो, जमीन काही अंशांनी थंड होते. जुलैत हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असताना एवढी थंडी पुरते. ओल्या थरावर दव पडतं आणि थर वाळताना पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब आतच अडकतात. प्रत्येक थेंबापाशी प्रकाश वळतो, विखुरतो, आणि पारदर्शक थर दुधाळ दिसतो. लाखेच्या पॉलिशवर आणि लॅकरवर हे सर्रास होतं. दोन भाग मिसळून करतात त्या पीयूमध्ये, म्हणजे पॉलियुरेथेनमध्ये, प्रकार वेगळा: त्यातलं हार्डनर हवेतल्या पाण्याशीच प्रतिक्रिया करतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतं. भिंगाखाली दवाचा ढग गुळगुळीत दिसतो, पीयूचा ढग बुडबुड्यांचा. या ढगांचा नकाशाही ठरलेला असतो. जिथून दमट वारा आत येतो त्या दारापाशी, किंवा एसीच्या गार झोताखाली.

लाकूड स्वतः हवेशी सतत देवघेव करत असतं. हवेत ६० टक्के दमटपणा असेल तर लाकडात साधारण ११ टक्के पाणी स्थिरावतं, ८५ टक्के असेल तर १७-१८. भारतीय मानक २८७ ने यासाठी देशाचे दमटपणानुसार चार विभाग पाडले आहेत आणि मुंबई सगळ्यात दमट विभागात बसते. पाणी २० टक्क्यांच्या पुढे गेलं की बुरशीला दार उघडतं. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात स्टार्च असतो, तो खायला येणारी एक बुरशी लाकूड कुजवत नाही, नुसतं रंगवते. तिचे तंतू तपकिरी असतात, पण फिकट लाकडाच्या आतून पाहताना निळसर करडे दिसतात. पाइनच्या लाकडात ती पाचर मारल्यासारखी बाहेरून आत शिरलेली दिसते, गाभ्याच्या सीमेवर थबकते आणि सहसा तिथेच थांबते. हा आकार पाहिला की ऑक्झॅलिक आणायची गरज नाही. ही निळाई पॉलिशवाल्याने आणलेली नाही. लाकूड चिरल्यावर ते वेळेत वाळवलं गेलं नाही, इतकाच तिचा अर्थ, आणि ती खोलवर असल्याने घासूनही जात नाही.

वखारीतून येणारा आणखी एक नकाशा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. फळ्यांवर आडवे, साधारण बोटभर रुंदीचे, फिकट किंवा गडद पट्टे, आणि त्यांच्यातलं अंतर दीड-दोन फूट, सगळीकडे सारखं. लाकूड वाळवायला थप्पी रचतात तेव्हा दोन थरांमध्ये हवा खेळावी म्हणून आडव्या पट्ट्या ठेवतात. पट्टीखाली लाकूड उशिरा वाळतं, तिथे पेशींतली द्रव्यं वेगळ्या वेगाने बदलतात, आणि सावली राहते. रंधा मारूनही ती काही मिलिमीटर खाली उरते. जमिनीवर फळ्या मागेपुढे सरकवून बसवल्यामुळे पट्टे तुटक दिसतात आणि कुणालाच अर्थ लागत नाही. फळ्या मनातल्या मनात पुन्हा सरळ रचल्या, की कधी पाहिलीही नाही अशा वखारीतली थप्पी समोर उभी राहते.

सिमेंटच्या डागांवर फार वेळ घालवत नाही. ओल्या सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं आणि त्याने टॅनिन तपकिरी होतं. बाथरूमच्या उंबरठ्याजवळ किंवा भिंतीच्या कडेने पसरलेली, काळी नव्हे तर कॉफीच्या रंगाची पट्टी असेल तर तिकडे पाहा. युरोपात ओकला मुद्दाम अमोनियाची धुरी देऊन गडद करत, त्याचंच हे अनाहूत रूप. पाण्याच्या साध्या थेंबाचं मात्र सांगायला हवं. कच्च्या ओकवर स्वच्छ पाणी सांडून वाळलं तरी गडद कडेचं वर्तुळ राहतं, मधला भाग जवळपास मूळ रंगाचा. थेंबाची कड जागेवर अडकून राहते आणि तिथून पाणी सर्वाधिक वेगाने उडतं, त्यामुळे आतलं पाणी सतत कडेकडे वाहत जातं आणि विरघळलेलं टॅनिन तिथे नेऊन टाकतं. कॉफी सांडल्यावर कडेलाच गडद रेघ का उमटते, याचा हाच उलगडा शिकागोतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचा उलगडा व्हायला विसावं शतक संपत यावं लागलं.

राहता राहिला रबराचा डाग, आणि तो भांडुपच्या माणसाला कळायला सोपा जावा. टायरचं रबर हवेतल्या ओझोनने तडकू नये म्हणून त्यात काही द्रव्यं मिसळतात. ती रबरात स्थिर बसत नाहीत, सावकाश पृष्ठभागावर येत राहतात, कारण तिथेच त्यांचं काम असतं. जुना टायर तपकिरी दिसतो तो बऱ्याच अंशी यांच्यामुळे. अशाच जातीची द्रव्यं पायपुसण्याच्या रबरी तळात, व्यायामाच्या चटईत, खुर्चीच्या चाकात असू शकतात. ती पॉलिशच्या थरात उतरतात आणि उजेड मिळाला की पिवळी-तपकिरी होतात. पायपुसणं आहे तोवर काही दिसत नाही, ते उचलून धुवायला नेल्यावर दोन दिवसांनी त्याच मापाचा आयत उमटतो. ऑक्झॅलिक इथे हरतं. रंग थराच्या आत असतो, म्हणून तेवढा थर काढून नवा हात देणं हाच उपाय.

कारण कोणतंही असो, पहिल्याच दिवशी घासायचं मशीन बोलावू नये. इंजिनिअर्ड पट्टीत खरं लाकूड तीन-चार मिलिमीटरच. पुरतं घासकाम जन्मात दोन-तीनदाच झेपतं, आणि त्यातलं एक आपण उजेडाने आपोआप जुळणाऱ्या पट्ट्यांवर घालवलं तर पुढे खऱ्या डागाला काही उरत नाही. ज्यांची जमीन अजून व्हायची आहे त्यांनी ग्रिलचं काम आधी उरकावं. पहिला हात मारण्याआधी एक मोठं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कच्च्या जमिनीवरून संथपणे फिरवावं, खिडकीपासून सुरुवात करून. पिशवी उलटी करून पांढऱ्या कागदावर झटकली की काळी भुकटी पडते, आणि ती पाहिल्यावर सुतारही दुसऱ्यांदा चुंबक फिरवायला स्वतःहून मागतो. पॉलिश दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर. गालिचे आणि रबरी तळाची पायपुसणी निदान होळीपर्यंत माळ्यावर.